सलग तीस दिवस

विद्यापीठाच्या प्रादेशिक संस्कृती आणि भाषा विभागात तिला सगळे अटीबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला मनातून थोडा अभिमानही होता. पदवी मिळायची तर बारा अटी पूर्ण कराव्या लागत. दोन प्रादेशिक भाषा, त्यातली एक चौथ्या पायरीपर्यंत, दुसरी तिसऱ्या, इतिहासाचे दोन पेपर, लोककलांचा एक, लघुप्रबंध, तोंडी परीक्षा, क्षेत्रकार्य, आणि अशाच बाकीच्या. प्राध्यापक मंडळींनाही त्या धड पाठ नसत. "अटीबाईंना विचारा," असं सांगून ते मोकळे होत. एकोणीस वर्षं ती त्या खिडकीशी बसत होती आणि तिच्या हातून पुढे गेलेली एकही फाइल परीक्षा विभागातून परत आली नव्हती.

त्या सोमवारी अंतिम यादी पाठवायला अकरा दिवस उरले होते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी खिडकीशी आली.

"क्षेत्रकार्याच्या मधे पाच दिवस घरी जाऊन आले तर चालेल का हो?"

अटीबाई नेहमीच्या सवयीने "चालेल" म्हणणार होती. पण मुलगी जरा वाद घालणारी होती, तेव्हा तिला नियम दाखवलेला बरा म्हणून तिने परिपत्रकांची फाइल काढली आणि तीन वर्षांपूर्वीचं परिपत्रक तिच्यासमोर धरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "विद्यार्थ्याने दुसऱ्या भाषेच्या समाजात सलग तीस दिवस राहून..."

'सलग' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

"म्हणजे नाही चालणार?" मुलीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मुलगी निघून गेली तरी बोट तिथेच होतं. तिच्या डोळ्यासमोर ती मुलगी नव्हतीच.

होत्या त्या लाँड्रीताई. शेवटच्या वर्षाच्या बेचाळीस विद्यार्थ्यांमध्ये या एकट्या छत्तीस वर्षांच्या होत्या. मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी, गाद्यांच्या खोळी आणि डॉक्टरांचे डगले धुण्याचं त्यांचं काम. सकाळची पाळी संपवून त्या दुपारच्या वर्गाला येत. हाताला साबणाचा वास असे, म्हणून वर्गातल्या पोरींनी लाडाने ते नाव ठेवलेलं. त्यांची पहिली भाषा किनाऱ्याकडची होती आणि दुसरी नदीपलीकडची. विभागात सगळे त्या भाषेला नुसतं 'पलीकडची' म्हणत. त्यांना एक महिना रजा मिळणं शक्य नव्हतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हणून त्यांनी नदीपलीकडच्या बाजारगावात तीस रविवार जाऊन क्षेत्रकार्य पूर्ण केलं होतं. बस, मग होडी, मग पायी. एकही रविवार चुकवला नव्हता.

आणि जाण्याआधी त्यांनी अटीबाईला विचारलं होतं. अटीबाई म्हणाली होती, "चालेल. तीस दिवस झाल्याशी मतलब."

जुना नियम तसाच होता. नवं परिपत्रक आलं त्या आठवड्यात तिच्या लेकीचं बाळंतपण होतं. तिने कागदाला भोक पाडून तो फाइलला लावला होता, वाचला नव्हता.

त्या दिवशी तिने लाँड्रीताईंची फाइल चार वेळा उघडली आणि चार वेळा बंद केली. पहिल्या पानावर बारा चौकोन होते. अकरांत बरोबरची खूण होती. बारावा चौकोन 'क्षेत्रकार्य: तीस दिवस' असा होता. 'सलग' हा शब्द त्या पानावर छापलेलाच नव्हता. तिने खूण केली तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. परीक्षा विभाग दर वर्षी प्रत्येक विभागाच्या पाच फाइली उघडून तपासतो, बाकीच्या जशाच्या तशा पुढे जातात. बेचाळीसमधल्या पाच. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि पेन हातात घेतलं. मग पेनला टोपण लावलं.

घरी नवरा मशीनवर बसला होता. तो शिंपी. दोन खोल्यांपैकी पुढची त्याची. ती आत न जाता कापडांच्या ढिगाशेजारीच बसली आणि सगळं सांगून टाकलं.

"मग?" तो दोरा ओवत म्हणाला.

"मग काय! खूण केली तर पार पडेल."

"आणि नंतर कोणी उसवलं तर?"

तिने ढिगातली एक चिंधी उचलून बोटाला गुंडाळली.

"तुझं काय जाईल?" तो म्हणाला. "एक मेमो. तिची तर पदवीच जाईल की. आणि लोक म्हणतील, हिनेच लबाडी केली."

"तुम्हाला बोलायला काय जातंय? मी एकोणीस वर्षं..."

"अगं, एकोणीस वर्षं मीही शिवतोय. परवा एकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या." तो हसला. ती हसली नाही. जेवण समोर तसंच राहिलं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती हॉस्पिटलच्या मागच्या दाराने लाँड्रीत गेली. तिने तो भाग कधी पाहिला नव्हता. लांबलचक खोली, भिंतीला सात मोठी धुलाई यंत्रं, मधे गरम इस्त्रीचे रूळ, आणि सगळीकडे वाफ. आठ-दहा बायका यंत्रांच्या घरघरीवरून एकमेकींना ओरडून बोलत होत्या. अटीबाईला एक अक्षर कळलं नाही. सगळं पलीकडचीत चाललं होतं. लाँड्रीताई एका बाईसोबत चादरीची दोन टोकं धरून घड्या घालत होत्या आणि तिच्याशी त्याच भाषेत भांडत होत्या, की गंमत करत होत्या, तेही समजेना.

अटीबाईला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "ताई! तुम्ही इथे? यादी लागली का?"

"नाही. जरा बोलायचं होतं."

"बोला की. हात थांबवले तर रूळ रिकामा पडेल, म्हणून घडी घालता घालता ऐकते."

अटीबाईने एका दमात सांगितलं. तीस रविवार धरता येणार नाहीत. नियम बदललाय. मला माहीत असायला हवं होतं, मी वाचलंच नाही. चूक माझी.

लाँड्रीताईंनी हातातली चादर पूर्ण घडी केली, ढिगावर ठेवली, दुसरी उचलली. समोरची बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," लाँड्रीताई म्हणाल्या.

"हो."

"पहिल्यांदा विचारून घरी गेले, मला झोप लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तुम्ही म्हणालात, एवढं कसलं घाबरता."

"हो. म्हणाले मी."

"वरच्या मजल्यावर दुभाष्याची जागा निघालीय. पलीकडचे पेशंट येतात, त्यांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. आजवर मलाच वर बोलावतात, ओल्या हातांनी. आता कायमची जागा आहे, पण पदवी पास झाल्याचं पत्र महिनाअखेर हवं. पुढची यादी सहा महिन्यांनी. जागा सहा महिने थांबेल का हो?" आवाज चढलेला नव्हता, पण चादरीचं टोक मुठीत चुरगळलं होतं. "मी काय करायचं ते आता तुम्ही सांगा. मला परत विचारायला लावू नका."

अटीबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून लाँड्रीची मुकादम आली. साठीची, कमरेला हात लावून चालणारी, नदीपलीकडचीच बाई. काम का थांबलंय, असं ती विचारत असावी. लाँड्रीताईंनी तिला तिच्या भाषेत सांगितलं. मुकादम ऐकत गेली आणि मग अटीबाईकडे वळून मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, "तीस दिवस? ही तर आमच्यात छत्तीस दिवस राहिली. तापाच्या साथीत."

"कुठे राहिली?"

"इथंच. वरच्या हॉलमध्ये. कोणाला घरी सोडत नव्हते. चौदा बाया आमच्या, आणि ही एकटी तुमची. झोपायची आमच्यात, जेवायची आमच्यात, शिव्या पण आमच्याच शिकली."

लाँड्रीताई चिडून म्हणाल्या, "मावशी, ती नोकरी होती. त्याला क्षेत्रकार्य म्हणत नाहीत." मग अटीबाईकडे पाहून जरा नरमाईने विचारलं, "म्हणतात का?"

चालेल, असं म्हणायला अटीबाईची जीभ वळली होती. ती तिने दाताखाली धरली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून सांगते. लेखी विचारते."

बुधवारी सकाळी तिने विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एका कागदावर चुकीची कबुली, सहीनिशी. दुसऱ्यावर विनंती, की नियम अकरामध्ये 'समकक्ष अनुभव' असे शब्द आहेत, त्याखाली या छत्तीस दिवसांचा विचार व्हावा. मॅडमनी दोन्ही वाचले आणि चष्मा काढला.

"हा पहिला कागद मी घेतला की तुमच्या सेवापुस्तकात जाणार. कळतंय ना?"

"हो."

"पहिल्याशिवाय नुसता दुसरा दिलात तर?"

"मग समिती विचारेल, ही बाई रविवारी का गेली. आणि दोष तिच्यावर जाईल."

मॅडमनी गुरुवारी समिती बोलावली. अटीबाईचा जीव तोवर टांगणीला लागला. कारण तिला मधेच आठवलं, की साथीच्या त्याच महिन्यांत लाँड्रीताईंनी पलीकडचीच्या तिसऱ्या पायरीसाठी शब्दांची वही लिहिली होती. रोजची तारीख घालून! ती वही म्हणजे पुरावा. ती धावत कपाटाकडे गेली. खालचा कप्पा रिकामा. जुन्या वह्या गेल्या वर्षी रद्दीत काढल्या होत्या, आणि रद्दीच्या आदेशावर सही होती तिचीच. ती कपाटासमोर फरशीवरच बसली. शिपायाने विचारलं, "बाई, चक्कर आली का?" तिने रिकामा कप्पा बंद केला.

समितीत तिघं होते. मॅडम, इतिहासाचे सर, आणि पलीकडची शिकवणारे म्हातारे सर, ज्यांना मुलं व्याकरण म्हणत. अटीबाई भिंतीशी खुर्चीवर बसली.

"पूर्वपरवानगी कुठे आहे?" इतिहासाचे सर म्हणाले. "मार्गदर्शक कोण होता? उद्या कोणी म्हणेल, मी हॉटेलात ताटं विसळली, तिथे चार जण दुसरी भाषा बोलत होते, द्या पदवी. मग नियम कशाला केले आपण?"

त्यांचं काही खोटं नव्हतं, हे अटीबाईलाही पटत होतं.

व्याकरण इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते. "नियम 'सलग' का म्हणतो?" ते म्हणाले. "तो मीच लिहिलाय, म्हणून विचारतो. मुलं सकाळी जायची, संध्याकाळी घरी यायची. भाषा दिवसभर नीट वागते हो. ती खरी कळते माणूस दमल्यावर, आजारी पडल्यावर, भांडल्यावर. म्हणून म्हटलं, तिथे राहा." मग ते उठले. "मी काल संध्याकाळी त्या लाँड्रीत जाऊन आलो. तासभर उभा होतो. माझा चष्मा तीनदा पुसावा लागला. त्या बाईच्या तोंडी अशी क्रियापदं आहेत, जी मला पुस्तकात तीस वर्षं सापडली नाहीत."

"सापडली नाहीत कारण ती शिव्यांची असतील," इतिहासाचे सर म्हणाले.

"काही आहेत," व्याकरण म्हणाले.

दीड तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं. हॉस्पिटलने छत्तीस दिवसांची हजेरी शिक्क्यासह द्यावी. लाँड्रीताईंनी त्या दिवसांवर चाळीस पानांचा अहवाल पुढच्या गुरुवारपर्यंत लिहावा. शुक्रवारी सकाळी तोंडी परीक्षा, आणि परीक्षक नदीपलीकडचा, लाँड्रीशी संबंध नसलेला. यातलं एक जरी राहिलं तरी नाव पुढच्या यादीत. कबुलीचा कागद मॅडमनी घेतला.

तो आठवडा अटीबाईला वर्षासारखा गेला. हॉस्पिटलच्या हजेरीत दोन दिवस कोरे निघाले. ती कार्यालयात जाऊन बसली, तेव्हा कळलं, त्या दोन दिवशी लाँड्रीताईंनाच ताप होता आणि त्या वरच्या हॉलमध्येच पडून होत्या. मुकादमबाईने आणि नर्सने तसं लिहून दिलं, त्यावर शिक्का मिळायला सोमवार उजाडला. लाँड्रीताई पाळी करून, सासूबाईंचं करून, विभागाच्या वाचनालयात येऊन लिहीत. मंगळवारी बारा पानं झाली होती. बुधवारी सव्वीस.

"काय लिहू आणखी?" बुधवारी त्यांनी वैतागून विचारलं. अटीबाईशी त्या आठवडाभरात कामापुरतंच बोलल्या होत्या.

"मी काय सांगणार? मला ती भाषा येत नाही."

"म्हणूनच विचारते. तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

अटीबाईने थोडा विचार केला. "तुम्हाला ताप आला तेव्हा त्या तुमच्याशी काय बोलल्या?"

लाँड्रीताई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग मान खाली घालून लिहू लागल्या, आणि वाचनालयाचे दिवे घालवायची वेळ झाली तरी थांबल्या नाहीत. गुरुवारी दुपारी त्रेचाळीस पानं टेबलावर आली.

शुक्रवारी परीक्षक आले. पलीकडच्या गावच्या शाळेतले निवृत्त गुरुजी, कडक इस्त्रीचा सदरा आणि तशीच मान. दार बंद झालं. अटीबाई बाहेर बाकावर बसली. पहिली दहा मिनिटं आतून शांत प्रश्नोत्तरांचा आवाज येत होता. मग गुरुजींचा आवाज चढला. मग लाँड्रीताईंचा. मग एकदम काहीच नाही. अटीबाई उठून उभी राहिली. गेलं, तिला वाटलं, गेलं सगळं.

दार उघडून लाँड्रीताई बाहेर आल्या. चेहरा लालबुंद. "मला बाहेर बसायला सांगितलंय," एवढंच म्हणाल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

"ही भाषा शिकलेल्या माणसाची नाही," गुरुजी म्हणत होते. "धोबिणीची आहे. मी शाळेत असं बोलणाऱ्या पोराला बाकावर उभं केलं असतं."

"तिला समजलं नाही असं काही होतं का?" मॅडमनी विचारलं.

"तसं नाही. समजतं सगळं. मी मुद्दाम भरभर बोललो, मधे आमच्याकडच्या म्हणी घातल्या. एकदा मला उलट उत्तरही दिलं."

"आणि पेशंट?" हा व्याकरणांचा आवाज. "गुरुजी, तुमच्या गावचा माणूस पोट धरून कण्हतो, तो शाळेच्या भाषेत कण्हतो का?"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग गुरुजी जरा खाकरले. "नाही," ते म्हणाले. "माझी आई असंच बोलायची म्हणा."

इतिहासाच्या सरांनी अहवालाबद्दलची आपली शंका नोंदवायला लावली आणि मग सही केली. सर्वांत शेवटी केली, पण केली.

यादी पाचच्या आत परीक्षा विभागात पोचवायची होती. अटीबाईने बाराव्या चौकोनात खूण केली, शेजारी ठरावाचा क्रमांक लिहिला, आणि शिपायावर न सोपवता स्वतः फाइली घेऊन गेली. परीक्षा विभागाच्या माणसाने त्यातल्या पाच काढल्या. लाँड्रीताईंची त्यात होती. त्याने ठराव वाचला, हजेरी पाहिली, शिक्के पाहिले, पानं मोजली. त्याला सात मिनिटं लागली. ती घड्याळाकडे न बघता भिंतीवरच्या पोपडे आलेल्या रंगाकडे बघत उभी होती.

"ठीक आहे," तो म्हणाला.

पास झाल्याचं पत्र महिनाअखेरच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलला गेलं. जागा मिळाली, पण पहिलं वर्ष तात्पुरती. मेमो अटीबाईला पुढच्या आठवड्यात आला. त्यात तिच्या हलगर्जीपणाबद्दल नाराजी होती, आणि यापुढे तोंडी सल्ला देऊ नये असं होतं. तिने तो नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने तो घडी करून तिच्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाला, "चल, आता नीट जेव तरी."

प्रमाणपत्रं आली तेव्हा लाँड्रीताई दुपारी दीडला खिडकीशी आल्या. हात कोरडे होते, अंगावर नवं ओळखपत्र लटकत होतं. त्यांनी प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं, तारीख तपासली, मग नोंदवहीत सही केली.

"मेमोचं कळलं मला," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं."

"वाटून घेऊ नका."

"पण माझा राग अजून गेलेला नाही, ताई. खोटं कशाला बोलू? ते दहा दिवस आठवले की अजून छातीत धडधडतं."

"माझ्याही," अटीबाई म्हणाली.

लाँड्रीताईंनी प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी छातीशी धरली. दोन वाजता त्यांना वॉर्डात हजर व्हायचं होतं. नदीपलीकडून एक म्हातारा आला होता, सकाळपासून कोणाशी बोलतच नव्हता. त्या जिन्याकडे वळल्या आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरून गेल्या. मागे रांगेत चौघं उभे होते. अटीबाईने परिपत्रकांची फाइल जवळ ओढली आणि पुढच्याला बोलावलं.